स्प्रूस मेडोज ‘मास्टर्स’ : तीस लाख डॉलरच्या शो जंपिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील कॅल्गरी शहराजवळ दर सप्टेंबरमध्ये होणाऱ्या, घोड्यावरून अडथळे पार करण्याच्या या स्पर्धेबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी घेतले असून नियमांतील अडचणीच्या जागा शेवटी आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून उत्तरांत जागोजागी प्रश्नक्रमांक दिले आहेत.

१. ही स्पर्धा नेमकी कुठे होते आणि ती कोणी सुरू केली?

स्प्रूस मेडोज हे अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरी शहराच्या दक्षिण बाजूस असलेले खासगी अश्वक्रीडा संकुल आहे. रॉन आणि मार्ग सदर्न या दांपत्याने पूर्वी गुरे पोसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीवर ते उभारले आणि १९७६ साली तेथे पहिली स्पर्धा भरवली. जून-जुलैमध्ये या संकुलात उन्हाळी स्पर्धांची मालिका चालते; ‘मास्टर्स’ ही सप्टेंबरमधील स्वतंत्र स्पर्धा आहे. तिच्यात लहान-मोठ्या अनेक लढती असतात. देशांच्या संघांमधला नेशन्स कप शनिवारी होतो आणि रविवारी मुख्य वैयक्तिक लढत, म्हणजे ग्रां प्री, होते. मोठ्या बक्षिसाची जी चर्चा होते ती या रविवारच्या लढतीमुळे.

या ग्रां प्रीचे नाव प्रायोजकांबरोबर बदलत आले आहे, आणि जुने निकाल वाचताना त्यामुळे हमखास गोंधळ होतो. आधी ‘दू मॉरिए’ या सिगारेटच्या ब्रँडचे नाव होते, मग कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीचे ‘सीएन’ आले, त्यानंतर तिच्याच प्रतिस्पर्धी कॅनेडियन पॅसिफिकचे ‘सीपी’, आणि त्या कंपनीच्या २०२३मधील विलीनीकरणानंतर ‘सीपीकेसी’. पुढचा ‘इंटरनॅशनल’ हा शब्द मात्र कायम राहिला. ही सगळी नावे एकाच लढतीची आहेत.

२. शो जंपिंग ही शर्यत आहे का? की घोड्याची चाल पाहून गुण देतात?

दोन्ही नाही. एका वेळी एकच घोडा मैदानात येतो. क्रमांक घातलेले अडथळे त्याने ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात. उडी देखणी होती की ओबडधोबड, याला गुण नाहीत. अडथळा उभा राहिला की पडला, एवढेच पाहिले जाते. चुकीबद्दल दंडगुण मिळतात आणि ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो पुढे जातो. वेग कामी येतो तो बरोबरी झाल्यावर, आणि त्याचा तपशील प्रश्न ९मध्ये आहे.

चाल आणि ठेवण पाहून गुण देण्याची पद्धत ड्रेसाज या वेगळ्या अश्वक्रीडाप्रकारात आहे. दोन्ही प्रकार ऑलिंपिकमध्ये एकाच आवारात होत असल्यामुळे ही गल्लत होते.

३. बक्षीस किती असते? विजेत्याला सगळे तीस लाख मिळतात का?

२०१९ साली या ग्रां प्रीची एकूण बक्षीस रक्कम ३० लाख कॅनेडियन डॉलर होती. त्याआधी २०१४ साली ती १५ लाख होती. सगळी रक्कम एकट्याला कधीच मिळत नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, नियमानुसार पहिले बक्षीस एकूण रकमेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि दर चार स्पर्धकांमागे निदान एक बक्षीस द्यावे लागते. म्हणजे चाळीस घोडे उतरले तर किमान दहा जणांना काही ना काही मिळते, आणि तीस लाखांपैकी विजेत्याच्या वाट्याला फार तर दहा लाख येतात. बातम्यांच्या मथळ्यांत एकूण रक्कम विजेत्याच्या नावापुढे अशा रीतीने लिहिलेली असते की वाचणाऱ्याचा गैरसमज होणारच. तो दोष वाचकाचा नाही.

४. पैसे स्वाराला मिळतात की घोड्याच्या मालकाला?

हे त्या दोघांमधील करारावर अवलंबून असते. या पातळीवरचे अनेक स्वार दुसऱ्याच्या मालकीच्या घोड्यांवर बसतात, आणि बक्षिसाची वाटणी कशी करायची, प्रवास, नालबंद आणि पशुवैद्य यांचा खर्च कोणी उचलायचा, हे आधीच ठरलेले असते. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, बक्षिसातून काही देण्याची पद्धतही अनेक पागांमध्ये आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. मोठे बक्षीस जिंकलेल्या घोड्याची किंमत त्याच संध्याकाळी वाढते आणि ती वाढ पूर्णपणे मालकाची असते. त्यामुळे स्वारासमोरचा खरा पेच पुष्कळदा बक्षिसाचा नसतो. जिंकल्यावर हा घोडा आपल्याकडे राहील की विकला जाईल, याचा असतो.

५. ‘ग्रँड स्लॅम’चा बोनस वेगळा असतो का?

होय. रोलेक्स ग्रँड स्लॅम ही काही मोठ्या ग्रां प्रींना जोडणारी मालिका २०१३ साली सुरू झाली. तेव्हा तिच्यात जर्मनीतील आखेन, कॅनडातील स्प्रूस मेडोज आणि स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या तीन स्पर्धा होत्या. २०१८पासून नेदरलँड्समधील ‘डच मास्टर्स’ ही चौथी जोडली गेली. लागोपाठच्या तीन ग्रां प्री जिंकणाऱ्या स्वाराला त्या त्या ठिकाणच्या बक्षिसांखेरीज दहा लाख युरोंचा बोनस मिळतो. सुरुवात कोणत्या स्पर्धेपासून करायची याचे बंधन नाही. स्वार ज्या स्पर्धेत जिंकतो, तेथून त्याची मोजणी सुरू होते.

ब्रिटनच्या स्कॉट ब्रॅशने हॅलो सॅन्क्टोस या घोड्यावर डिसेंबर २०१४मध्ये जिनिव्हा, २०१५च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आखेन आणि सप्टेंबर २०१५मध्ये स्प्रूस मेडोज अशा तिन्ही जिंकून हा बोनस प्रथमच मिळवला. हे किती कठीण आहे ते आकड्यांवरून कळत नाही. जिनिव्हाची ग्रां प्री बंदिस्त सभागृहात वाळूवर होते, तर आखेन आणि स्प्रूस मेडोज ही हिरवळीची विस्तीर्ण मैदाने आहेत. सभागृहात घोड्याला चटकन वळावे आणि आवरून राहावे लागते. मोकळ्या मैदानावर तोच घोडा अंग मोकळे करून धावावा लागतो. दोन्ही ठिकाणी चालणारे घोडे थोडे असतात. बोनस स्वाराचा असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळा घोडा वापरला तरी चालतो. ब्रॅशने तिन्ही वेळा एकच वापरला, म्हणून त्या कामगिरीचे मोल मला अधिक वाटते.

६. दंडगुण कसे मोजतात?

अडथळा पडला तर ४ दंडगुण, मग एक दांडी पडो वा सगळा अडथळा कोसळो. घोडा अडथळ्यापुढे अडला किंवा बाजूने निघून गेला तर पहिल्या वेळी ४ दंडगुण, आणि तीच गोष्ट फेरीत दुसऱ्यांदा घडली तर घोडा आणि स्वार ही जोडी बाद. स्वार किंवा घोडा पडला तर लगेच बाद. पाण्याच्या अडथळ्यात पाय पडला तर ४ (प्रश्न १० पाहा). ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदांच्या हिशेबाने दंडगुण वाढतात, आणि त्या वेळेच्या दुप्पट वेळ उलटून गेली तर जोडी बाद होते. एकही दंडगुण न घेता पूर्ण झालेल्या फेरीला ‘क्लिअर राउंड’ म्हणतात.

७. अडथळे किती उंच असतात? या स्पर्धेची कठीणता उंचीमुळेच आहे ना?

पंचतारांकित ग्रां प्रीत अडथळ्यांची उंची १.६० मीटरपर्यंत जाते आणि रुंद अडथळे सुमारे दोन मीटर पसरलेले असतात. तारांकन हे बक्षिसाची रक्कम आणि स्पर्धेचा दर्जा यांवरून ठरते. पाच तारे ही सर्वांत वरची श्रेणी.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. १.६० मीटरची एकच उडी मारू शकणारे घोडे जगात पुष्कळ आहेत. येथे कस लागतो तो दोन अडथळ्यांमधल्या अंतरात, आणि ते पडद्यावर दिसत नसल्यामुळे प्रेक्षक उंचीकडे पाहत बसतात. ही गोष्ट पुढच्या उत्तरात सविस्तर सांगितली आहे.

८. स्पर्धेआधी स्वार मैदानात पावले मोजत का फिरतात?

घोड्यांना मार्ग आधी दाखवता येत नाही. स्वारांना मात्र फेरी सुरू होण्यापूर्वी पायी फिरून तो पाहता येतो. पायात बूट, अंगात कोट आणि शेजारी प्रशिक्षक, अशा थाटात ते एका अडथळ्याच्या पायथ्याला पाठ लावून उभे राहतात आणि पुढच्या अडथळ्याकडे मोठाली, सारखी पावले टाकत जातात. ते मनातल्या मनात मोजत असतात, त्यामुळे त्या वेळी कोणी बोललेले त्यांना चालत नाही.

हिशेब असा. चौखूर चालीत घोड्याची एक ढांग साधारण ३.६० मीटरची धरतात. स्वार आपले पाऊल ९० सेंटीमीटरचे पडेल असा सराव करतो, म्हणजे चार पावलांत घोड्याची एक ढांग. उडीनंतर खाली येण्यासाठी दोन पावले आणि पुढची उडी घेण्यासाठी दोन पावले सोडायची. मधे उरेल ते ढांगांत भागायचे. दोन अडथळ्यांत १८ मीटर असतील तर चार ढांगा नेमक्या बसतात.

आता मार्ग रचणारा तेथे १८ऐवजी २० मीटर ठेवतो. चार ढांगांना हे अंतर जास्त आणि पाच ढांगांना कमी. लांब ढांगेच्या घोड्याचा स्वार म्हणेल, चारच घेऊ, पण मग घोडा ताणलेला आणि सपाट होऊन पोहोचेल आणि पुढच्या पायांनी दांडी उडवेल. आखूड चालीच्या घोड्याचा स्वार पाच घेईल, पण त्याला वेग रोखावा लागेल आणि सेकंद जातील. एकाच जागी दोन बरोबर उत्तरे आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. घोडामैदान खरोखरच जवळ असते. ठरवायला हातात असतात ती फक्त चालून घेतलेली ही काही मिनिटे.

स्प्रूस मेडोजमध्ये व्हेनेझुएलाचे लिओपोल्दो पालासिओस यांनी दीर्घकाळ मार्ग रचले. चांगल्या मार्गाची माझी कसोटी अशी, की दांड्या एकाच अडथळ्यावर न पडता सगळ्या मैदानभर विखरून पडाव्यात. सर्वांच्या चुका एकाच ठिकाणी झाल्या तर तो सापळा झाला, परीक्षा नव्हे.

९. दोन फेऱ्या, मग जंप-ऑफ. विजेता नक्की कसा ठरतो?

रविवारच्या ग्रां प्रीत पहिली फेरी सर्वांसाठी असते. त्यातून आघाडीचे बारा जण दुसऱ्या फेरीत जातात आणि तेथे त्यांच्यासाठी वेगळा मार्ग मांडलेला असतो. पहिल्या फेरीचे दंडगुण पुसले जात नाहीत, ते दुसऱ्या फेरीत मिळवले जातात. दोन्ही फेऱ्यांनंतर पहिल्या स्थानासाठी बरोबरी असेल तर जंप-ऑफ होतो. त्यात कमी अडथळ्यांचा छोटा मार्ग असतो आणि कमी दंडगुणांवर, तेही सारखे असतील तर कमी वेळेवर, निकाल लागतो.

म्हणजे विजेत्या घोड्याला एकाच दुपारी तीन वेळा मैदानात यावे लागू शकते. दुसरी फेरी हीच या स्पर्धेतील सर्वांत रंगतदार फेरी आहे असे माझे मत आहे, आणि ज्यांना थोडाच वेळ काढता येतो त्यांनी जंप-ऑफची वाट पाहत बसण्यापेक्षा ती पाहावी. पहिल्या फेरीत ताजातवाना असलेला घोडा आता दमलेला असतो, आणि जंप-ऑफमध्ये वेग काढण्यासाठी काही शिल्लक ठेवायचे की आहे ते येथेच खर्च करायचे, हे स्वाराला धावता धावता ठरवावे लागते. दुसऱ्या फेरीत घोडा बदलता येत नाही.

१०. पाण्याच्या अडथळ्यात पाय पडला की नाही, हे कसे कळते?

पाण्याच्या पलीकडच्या काठावर एक पांढरी पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावर मऊ प्लॅस्टिसिनचा थर असतो. घोड्याचा खूर किंवा नाल त्या थराला लागला की ठसा उमटतो. ठसा उमटला तर ४ दंडगुण, पाण्यात पाय पडला तरी ४. त्यासाठी काठाशी स्वतंत्र पंच बसवलेला असतो. प्रत्येक ठशानंतर एक मदतनीस येऊन तो थर बोटाने सारखा करून जातो. पुढच्या घोड्याला कोरी पट्टी मिळावी म्हणून.

स्प्रूस मेडोजच्या मुख्य मैदानावर उघड्या पाण्याखेरीज मातीचा उंचवटा आणि खंदकासारखे कायमस्वरूपी अडथळेही आहेत. वाळूच्या मैदानावर वाढलेल्या घोड्याला ते नवे असतात. पाण्याच्या अडथळ्यातील खरी अडचण पाण्यानंतर येते. रुंद उडीसाठी घोड्याची चाल लांब आणि सपाट झालेली असते, आणि मार्ग रचणारा बहुतेक वेळा लगेच पुढे एक सरळ उभा, हलक्या दांड्यांचा अडथळा ठेवतो. पाणी स्वच्छ पार केलेल्या घोड्यांनी पुढची दांडी पाडलेली दिसते ती यामुळे.

११. वेळ कोण ठरवते? कधी कधी सगळेच एका सेकंदाने का चुकतात?

मार्गाची लांबी चाकाने मोजली जाते आणि ठरवून दिलेल्या वेगाने भागून वेळ काढली जाते. या पातळीवर वेग मिनिटाला ४०० मीटर धरला आणि मार्ग ५२० मीटरचा असला तर वेळ ७८ सेकंद येते. या वेगाने घोडा सेकंदाला साडेसहा मीटरहून थोडे जास्त अंतर कापतो. म्हणून एखादे वळण सात मीटर मोठे घेतले की एक सेकंद गेला. सावध स्वार दांड्या वाचवण्यासाठी वळणे रुंद घेतात आणि वेळेत चुकतात. मार्ग रचणाऱ्याला हेच हवे असते, कारण वेळ सैल ठेवली तर क्लिअर राउंडची संख्या फुगते.

१२. स्त्रिया आणि पुरुष एकाच गटात कसे?

शो जंपिंगमध्ये वेगळे गट नाहीत, ऑलिंपिकमध्येही नाहीत. सुमारे सहाशे किलो वजनाच्या प्राण्याला बळाने उडी मारायला लावता येत नाही, म्हणून स्वाराच्या ताकदीचा फरक येथे निर्णायक ठरत नाही. २०१९ साली अमेरिकेच्या बीझी मॅडन यांनी डॅरी लू या घोड्यावर हीच तीस लाखांची ग्रां प्री जिंकली.

१३. वयाची मर्यादा?

स्वारासाठी वरची मर्यादा नाही. कॅनडाचे इयन मिलर यांनी २०१४ साली डिक्सन या घोड्यावर ही ग्रां प्री जिंकली तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १९७२ ते २०१२ या काळात ते दहा ऑलिंपिकमध्ये उतरले, आणि १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार नसता तर कदाचित अकरा झाली असती.

१४. या मैदानावरचे गाजलेले घोडे कोणते?

दोन नावे पुरेशी आहेत. मिलर यांचा बिग बेन हा बेल्जियन वंशाचा, १७ हातांहून अधिक उंचीचा घोडा (घोड्याच्या मापातला ‘हात’ सुमारे दहा सेंटीमीटरचा असतो). त्याने येथे १९८७ आणि १९९१ साली मुख्य ग्रां प्री जिंकली आणि १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक करंडकाची अंतिम फेरीही जिंकली. मधल्या काळात त्याच्यावर पोटशूळासाठी दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. घोड्यांच्या बाबतीत एका शस्त्रक्रियेनंतर परत येणेही मोठे मानले जाते.

दुसरा हिकस्टेड. कॅनडाचे स्वार एरिक लमाझ यांनी त्याच्यावर २००८च्या ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि स्प्रूस मेडोजची ग्रां प्री २००७ आणि २०११ साली जिंकली. दुसऱ्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०११मध्ये, इटलीतील व्हेरोना येथे फेरी पूर्ण केल्यावर मुख्य रक्तवाहिनी फुटून तो मैदानातच गेला. तो आकाराने लहान आणि स्वभावाने तापट होता, आणि तो लगामाला झुंजत अडथळ्याकडे जाताना पाहिलेल्यांना शांत घोड्यांच्या फेऱ्या बेचव वाटू लागतात.

१५. युरोपातील घोडे कॅनडात कसे नेतात?

मालवाहू विमानाने. दोन-तीन घोडे मावतील अशा पेटीसारख्या खणांत त्यांना उभे केले जाते आणि मोतद्दार बरोबर प्रवास करतात. समोर गवताची जाळी टांगलेली असते, मधूनमधून पाणी पाजले जाते. प्रत्येक घोड्याचे स्वतःचे पारपत्र असते. त्यात त्याच्या खुणांचे चित्र आणि लसीकरणाच्या नोंदी असतात. लांबच्या प्रवासात घोड्याचे वजन उतरते आणि पाणी कमी प्यायल्यास पोटशूळाचा धोका वाढतो, म्हणून स्पर्धेच्या काही दिवस आधी पोहोचणे शहाणपणाचे समजले जाते.

१६. घोड्यांना त्रास होत नाही का? तपासणी कोण करते?

हा प्रश्न कधी प्रामाणिक कुतूहलाने आणि कधी रागाने विचारला जातो. दोन्हींना उत्तर एकच. स्पर्धेआधी पशुवैद्य आणि पंचांसमोर प्रत्येक घोडा कडक जमिनीवर हाताने धरून पळवून दाखवावा लागतो, आणि लंगडेपणाची शंका आली तर त्याला उतरता येत नाही. रुंद अडथळ्याच्या मागच्या दांडीला धरणारे कप असे बनवलेले असतात की घोड्याचे वजन वरून पडले की ते सुटतात आणि दांडी खाली जाते. उत्तेजकांसाठी रक्ताचे व लघवीचे नमुने घेतले जातात. पायांना जास्त वेदना जाणवाव्यात, म्हणजे दांडीला लागण्याच्या भीतीने घोडा पाय वर ओढेल, अशा हेतूने त्यांना काही चोळले आहे का, हेही तपासले जाते.

ही शेवटची तपासणी काल्पनिक भीतीपोटी आलेली नाही. २००८च्या ऑलिंपिकमध्ये, ज्याच्या अश्वक्रीडा हाँगकाँगला झाल्या, चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य, सापडले आणि त्यांना वैयक्तिक अंतिम फेरीतून बाहेर ठेवले गेले. ते वेदनाशामक मलमांतही असते, पण कातडीची संवेदना वाढवण्यासाठीही वापरता येते. नियम कडक आहेत म्हणून सगळे ठीक आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण तपासणी होतच नाही, हा समज चुकीचा आहे.

१७. पाऊस किंवा बर्फ पडला तर?

कॅल्गरी हे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर आहे आणि तेथे सप्टेंबरचा भरवसा नसतो. २०१४ साली स्पर्धेच्याच आठवड्यात शहरात बर्फ पडला होता. हिरवळ भिजली की घोडे घसरू नयेत म्हणून नालांना छोटे खिळे बसवले जातात. किती लांबीचे खिळे बसवायचे यावर मोतद्दार आणि स्वार सकाळी वाद घालताना दिसतात, कारण लांब खिळा निसरड्यावर उपयोगी पडतो पण कडक जमिनीवर सांध्यांना हिसका देतो.

१८. दांडी हलली, घरंगळली, पण पडली नाही. दंडगुण लागतात का?

नाही. दांडी सुमारे दोन सेंटीमीटर खोल कपात ठेवलेली असते. ती कितीही डुलली तरी जागेवर राहिली तर फेरी स्वच्छ. मात्र तिचे एक टोक जरी कपातून सुटले तरी अडथळा पडला असे धरले जाते, मग ती मधेच अडकून जमिनीपर्यंत न पोहोचली तरीही.

आणखी एक बारकावा. एकावर एक दांड्या असलेल्या सरळ अडथळ्यात फक्त सर्वांत वरची दांडी मोजली जाते. घोड्याने मधली दांडी लाथेने उडवली आणि वरची राहिली, तर प्रेक्षक हळहळतात पण फलकावर शून्यच राहते.

१९. घोडा अडला आणि त्याच झटक्यात अडथळाही पडला, तर आठ दंडगुण का लागत नाहीत?

कारण उडी झालेलीच नसते. अडण्याचे ४ दंडगुण लागतात, घंटा वाजते, घड्याळ थांबते आणि अडथळा पुन्हा उभारला जातो. उभारणीला लागलेला वेळ मोजत नाहीत, पण एकूण वेळेत ६ सेकंद मिळवले जातात. दुसरी घंटा वाजेपर्यंत स्वाराने थांबायचे असते. अधीर होऊन आधीच उडी घेतली तर तो बाद. लागोपाठ जोडून ठेवलेल्या दुहेरी किंवा तिहेरी अडथळ्याच्या मधल्या भागात घोडा अडला असेल, तर ती सगळी जोडणी पहिल्यापासून पुन्हा पार करावी लागते.

२०. सगळे अडथळे स्वच्छ पार करूनही काही स्वार बाद कसे होतात?

बहुतेक वेळा तीन कारणांनी. सुरुवातीची घंटा वाजण्यापूर्वी निघणे, चुकीच्या क्रमाने अडथळा घेणे, किंवा शेवटच्या अडथळ्यानंतर समाप्तिरेषा न ओलांडता मैदान सोडणे. घंटा वाजल्यावर ४५ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. ती संपली की स्वार रेषेवर असो वा नसो, त्याचे घड्याळ चालू होते. एवढ्यावरून तो बाद होत नाही, पण वेळ मात्र गमावतो.

शिरस्त्राणाचा नियम याहून विचित्र वाटतो. ते निसटले किंवा त्याचा पट्टा सुटला, तर स्वाराने थांबून ते नीट केले पाहिजे. तसाच पुढे जाऊन अडथळा घेतला तर तो बाद. बाहेरून कोणाचीही मदत घेणे निषिद्ध असले तरी घोड्यावर बसलेल्या स्वाराच्या हातात पडलेले शिरस्त्राण किंवा चष्मा कोणी उचलून दिला तर ती मदत धरली जात नाही.

२१. जंप-ऑफमध्येही दंडगुण आणि वेळ अगदी सारखी आली तर?

वेळ शंभरांश सेकंदापर्यंत मोजली जात असल्यामुळे हे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. पुन्हा जंप-ऑफ होत नाही. दोघेही विजेते ठरतात, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या रकमा एकत्र करून निम्म्या निम्म्या वाटल्या जातात आणि पुढच्या स्पर्धकाला तिसरा क्रमांक मिळतो. चषक मात्र एकच असतो.